गाडी तीच, पेट्रोल कमी: भाव वाढल्यावर कोल्हापुरात काय काय करता येतं

पेट्रोलचा भाव वाढला की शोरूममध्ये इलेक्ट्रिक स्कूटरची चौकशी वाढते आणि गॅरेजमध्ये ‘ॲव्हरेज वाढवून द्या’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. दोन्हीकडे घाई केली की पैसे जातात. महिन्याला जेमतेम ३०० किलोमीटर फिरणाऱ्यानं चालती गाडी विकून लाखाची इलेक्ट्रिक घेतली, तर ते पैसे दहा-बारा वर्षं सुटत नाहीत. उलट कोल्हापुरातून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीला रोज जाणारा माणूस तीच इलेक्ट्रिक घ्यायचं टाळून दर महिन्याला दीड-दोन हजार घालवत असतो. कोणी काय करावं हे रनिंगवर ठरतं. म्हणून गाडी खरोखर किती पिते हे आधी मोजायचं, मग वाया जाणारं पेट्रोल थांबवायचं. इंधन बदलायचा विषय त्याच्या पुढचा.

ॲव्हरेज कसं मोजायचं

मीटरवर दिसणारं ॲव्हरेज सोडून द्या, तो अंदाज असतो. टाकी फुल करून मोजा. पंपावर गाडी डबल स्टँडला लावा आणि टाकीच्या गळ्याची खालची कडा बुडेपर्यंतच पेट्रोल भरून घ्या, त्याच्या वर नको. ट्रिप मीटर शून्य करा, नसेल तर किलोमीटर लिहून ठेवा. रोजच्या वापरात २५० किलोमीटर तरी होऊ द्या. मग त्याच पंपावर, तशीच डबल स्टँडला लावून, त्याच खुणेपर्यंत परत भरा. समजा २६८ किलोमीटर झाले आणि ५.१ लिटर बसलं, तर ॲव्हरेज साडेबावन्न. शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून रिझर्व्हला येईपर्यंत मोजायची जी सवय आहे, तिच्यात अर्ध्या लिटरचा घोळ सहज होतो, आणि अर्धा लिटर म्हणजे पंचवीस किलोमीटर.

पुढे सांगितलेली एकेक दुरुस्ती केल्यावर पुन्हा एकदा असंच मोजा. तीन कामं एकदम करून घेतली की कशानं फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तिन्हींचे पैसे पुन्हा जातात.

मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतही हे इथेनॉल तयार होतं. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ई-२० मध्ये सहा ते सात टक्के ऊर्जा कमी भरते. पूर्वी ५५ देणारी गाडी आता ५१-५२ देत असेल तर तेवढ्यासाठी इंजिन खोलायचं कारण नाही. ४५ वर आली असेल, तर मात्र कुठंतरी पेट्रोल वाया जातंय.

मापाचा संशय असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते ठेवणं आणि मागितल्यावर त्यात भरून दाखवणं पंपचालकाला बंधनकारक आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. पहाटे पेट्रोल ‘घट्ट’ असतं म्हणून सकाळी लवकर भरायला जाण्यात काही हशील नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

पेट्रोल कुठं वाया जातं

सगळ्यात आधी ब्रेक बघा. गाडी डबल स्टँडला, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि मागचं चाक हातानं जोरात फिरवा. चेन असूनही चाकानं हात सोडल्यावर दोन-तीन फेरे घ्यायला हवेत. एका फेऱ्यात अडत असेल तर ब्रेक धरतोय. दुसरी परीक्षा रस्त्यावरची. चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, थांबून ड्रमजवळ आधी हात न्या, मग टेकवून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर तेवढं पेट्रोल ड्रम तापवण्यात गेलं. बहुतेक वेळा दोष असतो तो ब्रेकच्या रॉडचा नट जास्त आवळल्याचा. पायातल्या पॅडलला २०-३० मिलिमीटर मोकळी चाल राहील इतका तो सैल करा. तरीही धरत असेल तर ब्रेकचा कॅम सुकलाय. चाक काढून कॅम साफ करून त्याला ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा लागतो. ग्रीस जास्त झालं तर ते लायनरला लागतं आणि ब्रेकच लागत नाही, म्हणून हे काम फिटरसमोर उभं राहून करून घ्या. ड्रममधली धूळ तोंडानं फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची.

मग चेन. मधोमध बोटानं वर-खाली करून बघा, बहुतेक १००-१२५ सीसी गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. चाक फिरवत चार ठिकाणी तपासा, कारण जुनी चेन एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला लोंबती असते. सेट करायची ती ताठ जागेवर. सगळीकडे तणावलेली चेन बेअरिंगही खाते आणि पेट्रोलही. दर ५०० किलोमीटरला रॉकेलच्या ब्रशनं पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं सोडा. सील असलेली ओ-रिंगची चेन असेल तर कडक ब्रश नको, मऊ फडकंच वापरा. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल लावायची पद्धत बंद करा, त्यात धातूचा चुरा असतो.

हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना. आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो, आणि मागच्या चाकाला एकट्यासाठी व डबल सीटसाठी वेगवेगळा दिलेला असतो. दोघं बसून रोज जाणाऱ्यांच्या गाडीत एकट्याचीच हवा असते, हे फार ठिकाणी दिसतं. नायट्रोजननं ॲव्हरेज वाढत नाही. फायदा इतकाच की हवा जरा सावकाश उतरते.

एअर फिल्टर आपल्याकडे पुस्तकातल्या मुदतीआधीच भरतो. गळीत हंगामात ट्रॅक्टरच्या मागून जाताना पाचटाचा भुगा आणि धूळ, एमआयडीसीच्या रस्त्याला फाउंड्रीची बारीक वाळू. फोमचा फिल्टर रॉकेलनं धुऊन, सुकवून, थोडं ऑइल चोळून परत बसतो. तेल लावलेला कागदी फिल्टर मात्र धुवायचा नाही, हवेनं मारायचाही नाही, बदलायचा. कॉम्प्रेसरच्या हवेनं कागदाला न दिसणारी भोकं पडतात आणि ती वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते.

आता कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. धुराच्या नव्या नियमांच्या (बीएस-६) फ्युएल इंजेक्शन गाड्यांत फिरवायला स्क्रूच नसतो, त्यांनी हा परिच्छेद सोडावा. जुन्या गाडीत ई-२० मुळे मिश्रण किंचित हलकं पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि कार्बोरेटरला ते कळत नाही. खूण अशी: सकाळी लवकर स्टार्ट होत नाही, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फट्‌फट् वाजतं, आणि प्लग काढून बघितला तर टोक पांढरट. इंजिन चांगलं गरम झाल्यावर आधी स्पीडच्या स्क्रूनं आयडलिंग थोडं वाढवा. मग मिश्रणाचा छोटा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जिथं इंजिन सगळ्यात वर आणि सलग चालतं तिथं थांबवा, आणि स्पीड परत १,३०० ते १,४०० फेऱ्यांवर आणा. स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते मात्र नक्की बघा. इंजिनच्या बाजूला असेल तर तो बाहेर फिरवल्यावर पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर उलट, आत फिरवल्यावर वाढतं. इथंच गफलत होते, आणि ‘ॲव्हरेजवर सेट केलेली’ गाडी आणखी हलकी होऊन तापायला लागते. हलकी करून चार किलोमीटर मिळवायचे आणि व्हॉल्व्ह जाळायचा, हा व्यवहार तोट्याचा. प्लगचं टोक चहासारखं तपकिरी दिसलं की सेटिंग बरोबर. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, अशा वेळी स्क्रूला हात लावायच्या आधी चोक पूर्ण परत येतोय का ते बघा. थंडीत ओढलेला चोक केबल अडकल्यामुळे अर्धवट राहिलेला असतो.

पावसाळ्यात ई-२० ची काळजी

इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाला वेगळा थर बसतो, आणि कॉक उघडला की इंजिनला पहिल्यांदा तोच मिळतो. गाडी दोनशे मीटरवर बंद पडते ती यामुळे. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर तपासा, झाकणाभोवतीचं पाणी निघून जाण्याचं बारीक भोक तारेनं मोकळं ठेवा, आणि महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर महिन्यापूर्वीचं पेट्रोल त्यात ठेवू नका. शंका आली तर स्वच्छ काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढून पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर ते पेट्रोल वापरायचं नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखाली गेलेल्या कितीतरी गाड्या पाणी ओसरल्यावर नुसत्या किक मारून बघितल्यामुळे कायमच्या गेल्या. बुडालेल्या गाडीचा प्लग काढा, टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, इंजिन ऑइल बदला, आणि मगच किक.

एप्रिल २०२३ आधीच्या गाडीत पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटरच्या ओ-रिंगा आणि डायफ्राम ही रबराची कामं वर्षातून एकदा बघायला हवीत. पाइप बोटानं दाबल्यावर चिकट किंवा भेगाळलेला वाटला तर बदला, शे-दोनशेचं काम आहे. टपकणाऱ्या पाइपचा हिशेब करून बघा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला १८० मिलिलिटर.

चालवताना

१०० सीसीची गाडी ४५-५० च्या वेगाला टॉप गिअरमध्ये सगळ्यात कमी पिते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे ४५ ऐवजी ६० नं गेलात तर समोरून ढकलणारी हवा पावणेदोन पटीहून जास्त जोरानं ढकलते. शिरोली ते कागल हायवेवर हा फरक थेट टाकीत दिसतो, शहरात तितका नाही. शहरात खाणारी गोष्ट म्हणजे हाफ क्लच आणि परत परत पळवून ब्रेक मारणं. दसरा चौकात किंवा कावळा नाक्याला सिग्नलचा आकडा ३० च्या वर दिसला तर इंजिन बंद करा.

पन्हाळ्याहून किंवा जोतिबाहून उतरताना न्यूट्रल टाकून, किंवा किल्ली बंद करून येणारे पुष्कळ आहेत. हे करू नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून थ्रॉटल पूर्ण सोडला की पेट्रोलचा फवारा आपोआप थांबतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे वाचत काही नाही, वर सगळा भार ब्रेकवर येऊन तो तापतो आणि वळणावर लागेनासा होतो. चारचाकीत किल्ली बंद केली तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

फेऱ्या

जिल्ह्याला वडापची, म्हणजे सीटा भरून जाणाऱ्या शेअर गाडीची, सवय आहेच, तीच चारचाकीला लावा. एका शिफ्टचे चौघे एका गाडीत गेले तर माणशी खर्च दुचाकीच्या आसपास येतो आणि पावसात भिजणं वाचतं. पेट्रोल वाटून घेणं आणि भाडं घेणं यांत फरक ठेवा, पांढऱ्या नंबरप्लेटवर भाडं घेतलं आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज या बाजूला रोज जाणाऱ्यांना रेल्वेचा मासिक पास गाडीच्या खर्चाच्या जवळपासही येत नाही. अडचण असते ती स्टेशनपासून पुढच्या दोन-तीन किलोमीटरची, त्यासाठी तिकडच्या टोकाला एक जुनी सायकल ठेवणं हा सोपा उपाय. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत.

सायकलला मोटर

रोजचं अंतर येऊन-जाऊन २० किलोमीटरच्या आत असेल, तर पैशाच्या हिशेबानं यासारखं दुसरं काही नाही. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तर नोंदणी, नंबर, लायसन लागत नाही. ३५० किंवा ५०० वॅटचं किट ‘सगळे लावतात’ म्हणून गळ्यात मारलं जातं, ते कायद्यानं मोटारवाहन ठरतं. घेऊ नका.

सायकल पोलादी फ्रेमची, दोन्ही ब्रेक चांगले असलेली निवडा. मागच्या चाकाचा एक्सल जिथं बसतो त्या दोन पट्ट्यांमधलं आतलं अंतर मोजा. गिअरच्या सायकलींना ते साधारण १३५ मिलिमीटर असतं आणि मागच्या मोटरी याच मापाच्या मिळतात. पुढच्या चाकाला १०० मिलिमीटर लागतं. पोलादी फ्रेम चार-पाच मिलिमीटर फाकवता येते, ॲल्युमिनियमची फाकवली तर चीर जाते. शॉकॲब्सॉर्बरच्या स्वस्त फोर्कमध्ये पुढची मोटर बसवू नका.

सामान असं लागतं: आपल्या रिमच्या मापात स्पोकसह बांधून आलेली ३६ व्होल्ट, २५० वॅटची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी), त्याच व्होल्टचा कंट्रोलर, पॅडल सेन्सर, दाबताच मोटर बंद करणारे ब्रेक लिव्हर, बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) असलेली ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि तिच्याच विक्रेत्याचा चार्जर. सुटी मोटर घेऊन स्पोक इथं बांधायला गेलात तर स्पोकची लांबी जुळत नाही.

आणि एक वस्तू किटमध्ये बहुधा नसते किंवा पत्र्यासारखी पातळ असते, ती म्हणजे टॉर्क आर्म. मोटर चाकाला पुढं ढकलते तेव्हा तितक्याच जोरानं एक्सलला मागं पिळते. साध्या सायकलीचा एक्सल फक्त वजन पेलायला असतो, हे पिळणं पेलायला नाही. नट सैल पडला की एक्सल खाचेत गर्रकन फिरतो, आतून येणारी वायर पिळून तुटते, कंट्रोलर जळतो आणि चाक सुटतं. शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ६ मिलिमीटर जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) पट्टीत हा आर्म करून मिळेल. एक्सलच्या दोन्ही बाजू सपाट घासलेल्या असतात, बहुधा १० मिलिमीटर. त्या मापाची खाच घट्ट बसेल अशी कापून घ्या, कानसानं शेवटचा हात स्वतः द्या, आणि पट्टीचं दुसरं टोक फ्रेमच्या नळीला क्लॅम्पनं आवळा. खाचेत थोडी जरी ढील राहिली तर तो आर्म बिनकामाचा. नट लांब पान्यानं आवळा आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

वायर एक्सलमधून बाहेर येते ती आधी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी त्या झुकावावरून गळून जाईल. सरळ वर नेली तर पाणी वायरीवरून घरंगळत मोटरमध्ये शिरतं, आणि आपल्याकडच्या जुलैत ते एका महिन्यात मोटरच्या आतला हॉल सेन्सर (मोटर कुठं फिरली ते कंट्रोलरला सांगणारा) खातं. पॅडल सेन्सरची चुंबकाची चकती आणि सेन्सर यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. उलटं पॅडल मारल्यावर मोटर सुरू होत असेल तर चकती उलटी बसली आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरीला बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज. पहिली चाचणी चाक हवेत ठेवून घ्या. मोटर थरथरून गुरगुरली आणि फिरली नाही तर लगेच बंद करा, फेजच्या (मोटरला वीज देणाऱ्या) किंवा हॉल सेन्सरच्या वायरी चुकीच्या जुळल्यात. तशीच रेटली तर कंट्रोलर जातो.

या बॅटरीत ३६० वॅट-अवर मावतात. थोडे पाय चालवले तर किलोमीटरला १२ ते १५ वॅट-अवर लागतात, म्हणजे एका चार्जिंगला २४ ते ३० किलोमीटर. चार्जिंगला अर्ध्या युनिटच्या आतच वीज जाते.

इलेक्ट्रिक स्कूटरचा हिशेब

रोज ४० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस म्हणजे १,००० किलोमीटर धरा. ५० च्या ॲव्हरेजला २० लिटर. भाव १०५ रुपये धरला तर २,१०० रुपये. इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला साधारण ३० वॅट-अवर घेते, चार्जरमधली गळती धरून महिन्याला ३५ युनिट. युनिट १२ रुपयांनी धरलं तरी ४२० रुपये. बचत सुमारे १,७००. जुनी गाडी विकून वरचे ७५,००० घालावे लागत असतील, तर ४४ महिन्यांत सुटतात. हाच हिशेब ३०० किलोमीटरला केला तर बचत ५०० रुपये आणि मुदत साडेबारा वर्षं. आपले आकडे घालून करा, पण विजेचा दर बिलावरच्या पहिल्या स्लॅबचा धरू नका. स्कूटरची युनिटं घरच्या वापराच्या वर चढतात, त्यामुळे त्यांना तुमच्या शेवटच्या स्लॅबचा दर लागतो. महिन्याला तीनशे युनिटची रेघ ओलांडत असाल तर हा फरक मोठा आहे.

घेण्याआधी वायरमनकडून घरचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांतून तिसऱ्या पिनला वायरच नसते. एक्स्टेन्शन बोर्डवर चार्जिंग करायचं नाही. पूररेषेतल्या घरात बॅटरी काढता येणारी स्कूटर घ्या, पाणी चढायला लागलं की बॅटरी वरच्या मजल्यावर नेता येते. बुडालेली बॅटरी वरून कोरडी दिसली तरी चार्जिंगला लावू नका, आतल्या ओलीनं ती नंतर पेट घेऊ शकते.

चारचाकीला सीएनजी

एक किलो सीएनजीत सुमारे १.४ लिटर पेट्रोलची ऊर्जा असते. पेट्रोलवर १६ देणारी गाडी गॅसवर किलोला २२ च्या आसपास जाते. पेट्रोल १०५ आणि सीएनजी ९० रुपये धरला तर किलोमीटरला ६.५६ च्या जागी ४.०९, फरक अडीच रुपयांच्या आत. ६०,००० चं किट २४-२५ हजार किलोमीटरला सुटतं. पण एक गोष्ट विक्रेता सांगत नाही: सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणाऱ्या) किटची गाडी थंड असताना पेट्रोलवरच सुरू होते आणि इंजिन गरम झाल्यावर गॅसवर जाते. राजारामपुरी ते महाद्वार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील, तर निम्मा प्रवास पेट्रोलवरच होतो आणि वरचा हिशेब बसत नाही.

किट तुमच्याच मॉडेलसाठी मंजूर असलेलं घ्या, आरसी बुकात नोंद करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. बसवल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते समोर बघा. गॅसची टाकी दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट करावी, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासावी लागते, तारीख पाटीवर असते. ६० लिटरच्या टाकीत आठ-नऊ किलो गॅस मावतो, आणि भरलेली टाकी साठ-सत्तर किलोची होते, त्यामुळे मागच्या चाकांची हवा पुन्हा बघा. प्लगची गॅप पुस्तकात दिलेल्या खालच्या टोकाला ठेवा, गॅसला ठिणगी जोरकस लागते. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पेट्रोलपेक्षा लवकर तपासा, कारण गॅस कोरडा जळतो आणि व्हॉल्व्हची सीट झिजवतो. पेट्रोलची टाकी पावच्या खाली नेऊ नका, आतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो. आणि ते पेट्रोलही महिनोन्‌महिने पडून राहू देऊ नका, ते ई-२० आहे.

दुचाकीवाल्यांसाठी जुलै २०२४ मध्ये बजाजची सीएनजीवरची फ्रीडम १२५ आली, दोन किलोची गॅसची टाकी आणि दोन लिटर पेट्रोलची. रोजच्या वाटेवर सीएनजी पंप असेल तरच विचार करा, पंपासाठी आठ किलोमीटर वळसा घालावा लागला की फायदा संपला.

काय भरू नये

भाव वाढला की रॉकेल मिसळायचे प्रकार सुरू होतात. रॉकेलचा ऑक्टेन इतका कमी की इंजिन आतून ठोकायला लागतं, पिस्टनला भोक पडतं. घरगुती सिलिंडरमधला गॅस मोटर लावून रिक्षात भरणं गुन्हा तर आहेच, आणि त्या पाइपचा एक जोड सुटला तर अख्खी गल्ली पेटते. गोबरगॅस घरच्या शेगडीला उत्तम, चार-पाच जनावरांच्या ५० किलो शेणावर एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. गाडीला तो तसाच चालत नाही, त्यात ४० टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड असतो आणि गंधकाचा वायू इंजिन खातो. तोच गॅस शुद्ध करून, दाबून भरला की सीएनजीसारखाच होतो, साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून) असा गॅस काढता येतो.

डिझेलच्या टेम्पोत किंवा ट्रॅक्टरमध्ये वड्याचं उरलेलं तेल गाळून टाकणारेही आहेत. हे तेल डिझेलच्या दहापटीनं घट्ट असतं. नोझलच्या तोंडाशी त्याचा कोळसा धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि ऑइल पातळ होण्याऐवजी चिखलासारखं होतं. कॉमन रेलच्या, म्हणजे फार मोठ्या दाबानं डिझेल फवारणाऱ्या नव्या इंजिनात तर एका टाकीत पंप जातो. त्या तेलाचं बायोडिझेल करायला मिथेनॉल लागतं, ते विषारी आणि अत्यंत ज्वालाग्राही आहे, परड्यात करायचं काम नव्हे. हॉटेलवाल्यांनी ते साठवून नोंदणीकृत गोळा करणाऱ्याला विकावं, अन्न सुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) २०१८ पासूनची रुको योजना त्यासाठीच आहे. टेम्पोवाल्यांनी काळा धूर दिसला की आधी एअर फिल्टर आणि मग नोझल तपासून घ्यावं, आणि रिकामी गाडी परतताना मागची ताडपत्री घट्ट बांधावी. फडफडणारी ताडपत्री हायवेवर डिझेल खाते.